व्हिनियरच्या कडा सरळ कापायचा फर्मा: राउटरने की रंध्याने?

सागपान (नाशिक)

मंडळी, पुस्तकांच्या कपाटाची दोन दारं करतोय. आत १८ मिमी ब्लॉकबोर्ड, वर सागाचं कच्चं व्हिनियर. म्हणजे पाठीला प्लाय नसलेली लाकडाची सुटी, पातळ पानं, जाडी अर्ध्या मिमीच्या आसपास. पानं एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेली आहेत. प्रत्येक दारावर दोन पानं पुस्तकासारखी उघडून लावायची, मधोमध जोड, दोन्हीकडे रेषा आरशात पाहिल्यासारख्या, असा बेत आहे.

घोडं अडलंय जोडावर. स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन कापायला गेलं की पातं सागाच्या रेषेबरोबर वाहवतं. दार चार फूट उंच, तेवढ्या लांबीत कुठे ना कुठे फट राहतेच, आणि पॉलिश चढलं की ती काळी रेघ होऊन डोळ्यात खुपणार.

म्हणून फर्मा करायचं मनात आहे. दोन सरळ फळ्या, मध्ये पानांची चळत, टोकांना बोल्ट आवळायचे आणि बाहेर डोकावणारी कड एकदम साफ करायची. फळ्या कशाच्या घ्याव्यात? लांबी किती? कड राउटरने (फिरत्या पात्याच्या यंत्राने) मारावी की रंध्याने? माझ्याकडे पाव इंची कोलेटचा (बिट म्हणजे फिरणारं पातं पकडणारी चिमटी) ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर आहे आणि १४ इंची लोखंडी रंधा. टेबल सॉ नाही, आणि तो घ्यायचा सल्ला देऊ नये ही नम्र विनंती.

घाटावरचा_गडी

एवढी उठाठेव कशाला? आठ बाय चारचं ४ मिमी जाडीचं तयार व्हिनियर मिळतं की. मिस्त्री आणा, फेव्हिकॉल लावा, दाबा, संपलं.

सागपान

@गडी, तयार शीटवर जोड कारखान्यात आधीच मारलेले असतात आणि ते आपल्या दाराच्या मधोमध येत नाहीत. त्यांनी पानं ज्या क्रमाने लावली तो क्रम आपला. मला दोन दारं आणि खालचा खण, तिन्हींवर रेषा सलग वाहायला हव्या आहेत.

घाटावरचा_गडी

मग बरोबर. हौसेला मोल नाही. चालू द्या, मी चहा घेऊन बसतो.

बारकी_पटाशी (बेंगळुरू)

अशा फर्म्यावर मी बरंच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फळ्या १८ मिमी चांगल्या प्लायच्या किंवा एमडीएफच्या, रुंदी सहा इंच, लांबी पानापेक्षा सहा-आठ इंच जास्त. म्हणजे तुमच्या चार फुटी दारासाठी साधारण पावणेपाच फूट. बोल्ट पानांच्या लांबीबाहेर, दोन्ही टोकांना. ८ मिमीचे कॅरेज बोल्ट आणि वर विंग नट, पान्याची गरज नाही. आतल्या दोन्ही अंगांना १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. हे टाळू नका, नाहीतर ऐन वेळी पानं आतल्या आत सरकतात.

आता खरी मेख. बोल्ट फक्त टोकांना असल्यामुळे मधल्या भागात दाब पोचत नाही. पानं तिथे सैल राहतात, फडफडतात आणि ढलप्या उडतात. उपाय सोपा आहे. वरच्या फळीच्या आतल्या बाजूला मधोमध हातभर लांबीत मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्यायचे आणि त्यावर पॉलिश पेपर. टोकं आवळली की फळी केसभर वाकते आणि मध्येही दाब येतो. एवढं करूनही मध्ये सैल वाटलं तर एक जी क्लॅम्प लावून मोकळं व्हा.

पानं दीड मिमीच्या वर बाहेर काढू नका. जास्त काढलंत की बिट त्यांना कापण्याऐवजी झोडपतो.

मी राउटरवाली आहे. बेअरिंगचा फ्लश ट्रिम बिट (बेअरिंग फळीच्या कडेवर टेकून फिरतं, पातं पानांना तिच्या रेषेत कापतं), एक फेरी, काम खतम.

सुतारपक्षी (संगमेश्वर)

बारकीताईंचं फळ्यांचं सगळं पटलं, राउटरचं नाही पटलं.

आमच्याकडे तीन पिढ्या सुतारकी. अर्ध्या मिमीच्या पानाला मिनिटाला ३०,००० फेरे मारणारं यंत्र कशाला? लाकडाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, सागाच्या किंवा चांगल्या वाळलेल्या फणसाच्या. मध्ये पानं. पाटावर धरून रंधा मारायचा, पट्टी आणि पानं एकत्रच. झिलपी टोकापासून टोकापर्यंत अखंड निघाली की समजायचं कड झाली. पट्टीचं दर वेळी केसभर लाकूड जातं, जाऊदे. ती पट्टी वर्षानुवर्षं पुरते.

रंध्याला फक्त धार हवी. सागात वाळूचा अंश असतो, म्हणून त्याच्यावर धार लवकर मरते. शिसवावर किंवा आंब्यावर चालेल ती धार सागावर अर्धा दिवसही टिकत नाही. पाणगट्टी जवळच ठेवा.

एडिसनकर

विनंती वाचली तरी लिहितोच. इकडे गराजमध्ये मी हेच सँडविच टेबल सॉवर स्लेडवर (सरकत्या पाटावर) ठेवून कापतो. ऐंशी दातांचं पातं. झकास जोड येतो.

घाटावरचा_गडी

विनंतीनंतर चौथाच माणूस आणि टेबल सॉ आला. मी पैज मारायला हवी होती.

ओसरीवरची

गराज! आमच्याकडे गॅलरीत कपड्यांच्या दोरीखाली काम चालतं हो एडिसनकर.

एडिसनकर

ह. घ्या. ताई :-) पण मुद्दा लक्षात घ्या, कापायचं साधन कोणतंही चालेल, पानं दोन्ही अंगांनी दाबलेली असली म्हणजे झालं. मोकळं पान कशानेही कापा, फाटणारच.

गणिती_गुंड्या (पुणे)

सगळे साधनांवर भांडताहेत, पण अचूकता नेमकी कुठे लागते ते कुणी सांगितलं नाही.

दोन पानं एकावर एक ठेवून एकदम कापली आणि पुस्तकासारखी उघडली, तर काटकोनातली चूक आपोआप फिटते. समजा रंधा किंचित कलला आणि कड ९० ऐवजी ८८ अंशांत निघाली. उघडल्यावर एका पानाची कड ८८ अंशांची दिसेल, दुसऱ्याची ९२. बेरीज १८०, जोड बंद. शिवाय अर्ध्या मिमीच्या जाडीत दोन अंशांनी पडणारा फरक केसापेक्षाही बारीक. तेव्हा गुण्या लावून रंध्याचा कोन बघत बसू नका.

सरळपणाचं मात्र बरोबर उलटं. कड मध्ये अर्धा मिमी फुगीर राहिली, तर उघडल्यावर दोन्ही पानं मध्ये फुगीर. मध्ये टेकतील आणि दोन्ही टोकांना एक-एक मिमी फट. म्हणजे कोनाची चूक माफ, सरळपणाची चूक दुप्पट. फर्म्यावर जो काही वेळ घालवायचा तो फळीची कड सरळ करण्यात घालवा, बाकी सगळं दुय्यम.

सुतारपक्षी

गुंड्याभाऊ, हे आमचे आजोबा एका वाक्यात सांगायचे: गुण्या ठेव खिशात, डोळा ठेव कडेवर. पण ८८ अधिक ९२ हे त्यांना ठाऊक नव्हतं. आवडलं.

सागपान

@गुंड्या, हे वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण मग पुढचा प्रश्न आलाच. फळीची कड सरळ आहे हे ठरवायचं कशावरून? माझी स्टीलची पट्टी तीन फुटी आहे आणि तिच्यावरही माझा फार विश्वास नाही.

गणिती_गुंड्या

पट्टी लागतच नाही. फर्म्याच्या दोन फळ्या एकत्र आवळा, दोन्ही कडा एकदम रंधून घ्या. मग सोडवून पुस्तकासारख्या उघडा आणि कडेला कड भिडवून खिडकीसमोर धरा. उजेड कुठून येतो ते बघा. मध्ये आला तर दोन्ही खोलगट, टोकांना आला तर दोन्ही फुगीर. दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीकसारीक खोटही लपत नाही. पुन्हा आवळा, पुन्हा रंधा, पुन्हा उजेड. उजेड बंद झाला की फर्मा तयार.

वेगवेगळ्या रंधलेल्या दोन फळ्या भिडवून मात्र खात्री होत नाही. एक खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असेल तर त्या घट्ट बसतात आणि तुम्ही खुश. तिथे तिसरी फळी लागते. तिघींची प्रत्येक जोडी जुळली तरच तिन्ही सरळ.

मुंबईचा_मिस्त्री

खिडक्या करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी सेक्शन आणा, दोन बाय एक इंची. पाच फुटांचा तुकडा भंगारातही निघतो. तो फळीच्या कडेला स्क्रूने मारा, बेअरिंग त्याच्यावर चालवा. कशाला रंधताय?

बारकी_पटाशी

सेक्शन चालेल, पण घेताना दोन तुकडे एकमेकांवर फिरवून तपासा. दुकानात उभे करून ठेवलेले सेक्शन वाकलेले असतात. आणि स्क्रू फार आवळला तर तोच सेक्शन फळीचा बाक घेतो.

मी वेगळं करते. एमडीएफची कड सरळ झाली की तिच्यावर १ मिमी सनमायकाची पट्टी चिकटवते. उघड्या एमडीएफवर बेअरिंग चार-पाच वेळा फिरलं की त्याचा दाब पडून खड्डे होतात, आणि प्रत्येक खड्डा मग पानाच्या कडेवर उतरतो. सनमायकावर बेअरिंग लोण्यासारखं फिरतं.

आणखी एक. ज्या फळीवर बेअरिंग चालतं ती मालकीण. दुसरी फळी तिच्यापेक्षा केसभर बाहेर ठेवा. पहिल्याच फेरीत बिट तिलाही कापून मालकिणीच्या रेषेत आणतो. मग पानांना दोन्ही बाजूंनी अगदी काठापर्यंत आधार मिळतो. दुसरी फळी आत सरकलेली राहिली तर त्या बाजूची पानं दातरी निघतात.

सुतारपक्षी

आता दोन फळ्या, सनमायका, बिट, बेअरिंग, अ‍ॅल्युमिनियम. आणि मी रंधा म्हटलं तर जुना माणूस!

बारकी_पटाशी

दादा, जुना नाही म्हटलं, धारवाला म्हटलं :-) तुमच्यासारखी धार लावता येत नाही म्हणून तर बिट विकत घेते.

कोल्हापुरी_कानस

राउटर लई भारी, पण एक सांगतो, नीट ऐका. आपल्याकडं बिट दोन मापांत मिळत्यात, ६ मिमी दांड्याचे आणि पाव इंची. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. डोळ्यानं फरक कळत नाही. पाव इंची कोलेटमध्ये ६ मिमीचा बिट घातला की आवळल्यासारखा वाटतो, आणि चालू केल्यावर हळूहळू खाली सरकतो. कधी निसटला तर कुठं जाईल सांगता येत नाही. सागपानभाऊ, तुमचा ट्रिमर पाव इंची आहे म्हणालात, तर दुकानात व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) घेऊन जा. दुकानदार "चलता है" म्हणेल. चालत नाही.

मुंबईचा_मिस्त्री

+१. आणि बिट बदलताना प्लग काढा. स्विच बंद म्हणजे बंद नव्हे.

ओसरीवरची

जरा अवांतर, पण कडांचंच आहे. मी शेल्फच्या कडांना इस्त्रीने चिकटवायची व्हिनियर टेप लावलीय. फळी १८ मिमी, टेप २२ मिमी, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन मिमी बाहेर. ही कापायलाही फर्मा लागेल का? कटरने कापताना एकीकडे छान जातं आणि दुसरीकडे उभी चीर जाते.

सुतारपक्षी

ताई, चीर जाते तिथे रेषा फळीकडे उतरतेय. पातं रेषेच्या मागे जातं, तो पात्याचा धर्म आहे. त्या जागी दुसऱ्या टोकाकडून या. पटाशी घेतलीत तर तिची सपाट पाठ फळीवर टेकवा, धार टेपला किंचित तिरकी, आणि एका दमात न कापता दोन हातांत.

कोल्हापुरी_कानस

माझं नावच बघा की. बारीक दातांची सपाट कानस घ्या, थोडी तिरकी धरा, आणि ढकलताना फळीच्या दिशेनं ढकला. परत ओढताना उचलायची. उलटी ओढली की टेप उचकटलीच म्हणून समजा. बाहेर आलेला भाग आपोआप तुटून पडतो, मग १८० चा पेपर ठोकळ्याला गुंडाळून एक हात. चार शेल्फांना फर्मा कशाला?

बारकी_पटाशी

कानसवाल्यांशी सहमत. पण शंभर फूट टेप असेल किंवा टेपऐवजी ६ मिमी सागाची लिपिंग (कडेला चिकटवायची पट्टी) असेल तर फर्मा फायद्याचा. ट्रिमरच्या खाली १२ मिमी प्लायचा जास्तीचा तळ स्क्रूने मारायचा. बिटच्या बाजूला तो अर्धवट कापून टाकायचा, म्हणजे तळ फळीवर टेकतो आणि लिपिंग त्या कापलेल्या जागेतून बिटखाली येते. सरळ बिटची खालची धार फळीच्या पातळीपेक्षा एका कागदाच्या जाडीने वर. अगदी खरोखर फळी आणि बिटमध्ये कागद सरकवून बघा, अडकत-अडकत निघाला पाहिजे. उरलेलं स्क्रेपरने.

बिट पार पातळीला आणायचा मोह होतो, पण खाली अर्ध्या मिमीचं व्हिनियर आहे. बिट जरा खाली बसला की पृष्ठभागावर चरे. मग घासत बसा, आणि घासता-घासता खालचा प्लाय उघडा पडला की त्याला औषध नाही.

ओसरीवरची

कानस आणते. कागदाची युक्ती लिहून ठेवली.

दुपारचा_गजर

राउटरवाल्यांनो, तुमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार काय करता? आमच्याकडे ट्रिमर चालू केला की खालच्या मजल्यावरचे काका इंटरकॉमवर येतात. त्यांना बेअरिंग, बिट काही समजत नाही, फक्त "किती वेळ?" एवढंच विचारतात.

घाटावरचा_गडी

"एकच कड राहिलीय काका." हे उत्तर गेली कित्येक वर्षं चालतंय.

सुतारपक्षी

रंधा मारला तर काका झोपेतून उठत नाहीत. एवढं बोलून थांबतो.

पट्टीचा_आळशी

फर्मा वगैरे न करता एक गल्लीबोळातला रस्ता आहे. दोन्ही पानं एकमेकांवर सेंटिमीटरभर चढवून टेपने पक्की करा. वर जड पट्टी ठेवा आणि दोन्ही पानं एकदम कापा. पातं वाहवलं तरी दोन्ही पानांत सारखंच वाहवतं, त्यामुळे जोड बसतोच. व्हिनाइल फ्लोअरिंगवाले असंच करतात.

गणिती_गुंड्या

तत्त्व बरोबर आहे. तिथे एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोलग्यात बसतो, म्हणून सरळपणाची अटच राहत नाही. मी वर लिहिलेलं पुस्तकी गणित तिथे लागू नाही.

बारकी_पटाशी

व्हिनाइलला रेषा नसते हो! सागात वरच्या पानाची रेषा पात्याला डावीकडे ओढते आणि खालच्याची उजवीकडे, कारण पानं उलटसुलट आहेत. एका जोरात दाबलंत तर खालचं पान फाटतं. हलक्या हाताने, पातं बदलत, पाच-सहा वेळा फिरवावं लागतं. एखाददुसऱ्या जोडासाठी ठीक. शिवाय वाहवलेला जोड बसला तरी वाकडा तो वाकडाच, आणि आरशासारख्या नक्षीत मधली रेघ वाकडी असली की लगेच दिसते. आळशीपणा इथे महाग पडतो.

पट्टीचा_आळशी

नावाला जागलो, एवढं समाधान पुरे.

देवगडचा_हापूस

पावसाळ्याचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे जुलैत कच्ची पानं पापडासारखी लाटा घेतात. फर्म्यात आवळली की सपाट दिसतात, कड सरळ कापली जाते, सोडली की पुन्हा लाटा आणि कडही वेडीवाकडी. आवळताना एखादी लाट चिरली तर पान गेलंच.

एडिसनकर

पानं आधी सपाट करा. पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून फवारा, दोन्ही बाजूंना कोरे कागद लावा, प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये वजनाखाली ठेवा आणि कागद रोज बदला. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. ग्लिसरीनने पान लवचीक राहतं. पूर्ण सुकल्याशिवाय कडा कापू नका.

सुतारपक्षी

आणि कापलं की जोडायला वेळ लावू नका. सकाळी कड मारली तर संध्याकाळपर्यंत पान दाबाखाली गेलं पाहिजे. साग बाकी लाकडांपेक्षा कमी हलतो, पण पान एवढं पातळ असलं की हवेतला ओलावा लगेच पितं. आदल्या आठवड्यात कापलेली कड आज तीच नसते.

सागपान

हजर आहे. फर्मा झाला. एमडीएफच्या दोन फळ्या, कडेला सनमायका, मध्ये टेपचा उंचवटा, ८ मिमीचे बोल्ट. सनमायका लावण्याआधी फळ्या एकत्र आवळून रंधून घेतल्या, गुंड्यांच्या उजेडाच्या पद्धतीने.

आधी साध्या तुकड्यांवर दोन्ही पद्धती करून पाहिल्या. ट्रिमरने कड एकदम गुळगुळीत, पण शेवटच्या टोकाला, जिथे बिट पानांतून बाहेर पडतो, तिथे दोन सूत ढलपी उडते. रंध्यासाठी सागाच्या दोन पट्ट्या वेगळ्या केल्या, तिथे ढलपी नाही, पण जोड भिडवला की मध्ये घट्ट आणि टोकांना उजेड. दोन्हींवर उपाय सांगा.

बारकी_पटाशी

ढलपीवर: बिट ज्या टोकाला बाहेर पडतो तिथून आधी दोन-तीन इंच उलट दिशेने आत या, अगदी हलका हात. मग नेहमीप्रमाणे सुरुवातीपासून डावीकडून उजवीकडे. शेवटच्या टोकाला कापायला काही उरतच नाही, मग उडणार काय? उलट्या दिशेने चालवताना ट्रिमर पुढे पळू बघतो, म्हणून दोन्ही हातांनी धरा आणि एका वेळी पाव मिमीच्या वर घेऊ नका. पूर्ण लांबी उलट्या दिशेने मारू नका.

दुसरं, चळतीच्या वर आणि खाली एकेक टाकाऊ पान ठेवा. जे काही फाटायचं ते त्यांचं फाटेल. आणि जमलं तर सरळ दातांऐवजी स्पायरल बिट घ्या. तो एकदम आपटत नाही, सरकत कापतो.

सुतारपक्षी

रंध्यावर मी सांगतो. टोकांना उजेड म्हणजे कड फुगीर. रंधा सुरू करताना मागचं टोक खाली झुकतं आणि संपवताना पुढचं, म्हणून दोन्ही टोकं जास्त खाल्ली जातात. सुरुवातीला जोर रंध्याच्या पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या हातावर. १४ इंची रंधा चार फुटांना तसा आखूडच, २२ इंची मिळाला तर बघा. आखूड रंधा फुगवट्यावर चढतो आणि उतरतो, लांब रंधा फुगवटाच खातो.

आता कड फुगीर आहेच, तर टोकांना हात लावू नका. मधूनच दोन झिलप्या काढा, टोकाच्या वीतभर अलीकडे थांबा. मग शेवटी एक झिलपी टोकापासून टोकापर्यंत.

गणिती_गुंड्या

शेवटी चूक राहणारच असेल तर ती खोलगटाच्या बाजूने राहू द्या. टोकं टेकलेली आणि मध्ये केसभर उजेड असेल तर टेप ताणून लावल्यावर ती फट मिटते, पान तेवढं लवतं. टोकांची फट मात्र टेपने मिटत नाही, आणि मिटलीच तर पॉलिशनंतर उघडते.

कोल्हापुरी_कानस

मग ठरलं काय शेवटी? राउटर का रंधा? इतका वेळ वाचतोय मी.

सागपान

माझं ठरलं. फर्म्यात ट्रिमरने कड मारायची, टोकाला बारकीताईंनी सांगितलं तसं. मग पानं न सोडता, सरळ पट्टीला १२० चा पेपर चिकटवून कडेवरून एक-दोन हात, म्हणजे बिटच्या बारीक लाटा जातात. तुकड्यांवर करून पाहिलं, खिडकीसमोर धरलं, उजेड नाही.

सुतारपक्षी

पेपरची पट्टी फर्म्यापेक्षा लांब घ्या आणि दाबू नका. सनमायकाला पेपर लागून पांढरट रेघ दिसायला लागली की थांबा. रंध्याने केलं असतं तर हे करावं लागलं नसतं, असो.

दुपारचा_गजर

आणि दोन ते चारमध्ये करू नका.

सागपान

शेवटचा प्रश्न. जोडाला टेप कोणती? गोंद लावलेली कागदी टेप इथे मिळाली नाही, साधी मास्किंग टेप आहे. आणि ती दर्शनी बाजूला लावायची की चिकटवायच्या बाजूला?

बारकी_पटाशी

दर्शनी बाजूलाच. चिकटवायच्या बाजूला लावलीत तर ती कायमची आत राहील आणि तेवढ्या जागी फेव्हिकॉल धरणार नाही. आधी जोडावर आडवे छोटे तुकडे, वीतभर अंतरावर, ताणून. मग जोडाच्या लांबीवर एक सलग पट्टी. ती लावून झाली की पानं उलटून, जोड पुस्तकासारखा जरा उघडून, कडेला फेव्हिकॉलचा बारीक धागा सोडा आणि वर आलेला लगेच पुसून घ्या.

मास्किंग टेप चालेल, पण दाबाखालून काढल्यावर ताबडतोब काढा. दिवसभर राहिली तर सागाचे तंतू घेऊन येते. काढताना हेअर ड्रायरने जरा ऊब द्या आणि रेषेच्या दिशेने, पानाला अगदी टेकवून मागे दुमडत ओढा. सरळ वर ओढायची नाही. कागदी टेप मिळाली तर ओल्या फडक्याने भिजवून स्क्रेपरने निघते.

मुंबईचा_मिस्त्री

कागदी टेप पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात विचारा, खोक्यांना लावायची तपकिरी मिळते. जाड असते, पण भिजवली की निघते. तिच्यात दोरे नाहीत ना ते बघून घ्या, दोऱ्यांचा वळ पानावर उमटतो.